तलंगांचं गोडं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका दमवणारा माणूस सबंध पेण तालुक्यात दुसरा नसावा, आणि स्वतः मात्र हा गृहस्थ कधी दमत नाही. धरमतरच्या खाडीकडेला त्यांचं गाव. उन्हाळ्यात तिथली विहीर खारट होते आणि गोड्या पाण्याचा टँकर मनात येईल तेव्हा येतो. म्हणून दर रविवारी मी पेणहून गोड्या पाण्याचा कॅन घेऊन जाते. बहिणीसाठी, असं मला वाटायचं. तो कॅन भाऊजी दारातूनच उचलून मागल्या अंगणात नेतात, कारण तिथे त्यांच्या तलंगा असतात, अजून एकही अंडं न दिलेल्या कोवळ्या कोंबड्या. "तहानल्या हायत बिचाऱ्या," असं ते मला सांगतात. मी भर उन्हात एक एसटी आणि एक रिक्षा करून आलेली असते, त्याचं काही नाही.

भाऊजींचा जन्म मिठागरावर गेला. खारट पाण्याने कोवळी कोंबडी कशी मान टाकते यावर ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतात. तलंगांची थाळी भरली की आधी स्वतः त्यातला एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "मिठाला माझ्यापेक्षा जास्ती कोन वलखनार?" मग त्यांच्यासाठी तांदळाची कणी भिजवायची, तीही गोड्या पाण्यात. वर घालायचा सुका जवळा खारट, म्हणून तो तीन पाण्यांनी धुवायचा. "मला डालीला पानी नाय गो," बहीण कपाळाला हात लावून म्हणते, "आन् यांचा जवला आंघोल करतो!" एकदा एका तलंगेने थाळीत पाय घातला, तर यांनी सगळं पाणी ओतून दिलं. ते पाणी माझ्या खांद्यावरून आलं होतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी गेले, तर तलंगा पंख पाडून भिंतीकडेला बसलेल्या. कणी तशीच पडलेली. टँकर आला नव्हता, म्हणून भाऊजींनी विहिरीचं पाणी काढून चाखलं होतं आणि गोड ठरवून त्यांना पाजलं होतं. "पानी तर गोड हाय, मंग यांना झालं काय?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. घरातला हंडा नेमका त्या सकाळी संपला होता, आणि माझा कॅन तलंगांचा, त्यामुळे बहिणीने विहिरीच्या त्याच पाण्याचा चहा टाकला. पहिला घोट मला गिळवेना. बहिणीनेही कप खाली ठेवला. भाऊजींनी बशी संपवली आणि आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"खारट हाय?"

बहीण म्हणाली, "लय खारट हाय वो."

ते उठले. थाळी पालथी केली, माझा कॅन उघडला आणि एकेकीला धरून तिची चोच पाण्यात बुडवली. चाखलं मात्र नाही. मला रडूच आलं. संध्याकाळपर्यंत तलंगा उठून दाणे टिपायला लागल्या. एक उठली नाही.

आता पाणी आम्ही चाखतो. रविवारी मी, एरवी बहीण, कोंबड्यांना शिव्या देत देत. परवा मी घोट घेऊन "गोड आहे" म्हटलं, तरी भाऊजी थाळी धरून तसेच उभे.

"गोड म्हंजे कसं लागतं गो?" त्यांनी विचारलं.

मी बहिणीकडे पाहिलं. तिनेही एक घोट घेतला, पदराने तोंड पुसलं, आणि आम्हा दोघींनाही ते सांगता येईना.