तिसरी शिट्टी

शिरूर अनंतपाळच्या स्थानकात गाडी लागली की पंचशीला आधी मोबाईल काढायची. उतारू उतरायचे, ड्रायव्हर महांतेश चहाच्या टपरीकडे निघायचा, आणि ती कंडक्टरच्या सीटवर बसूनच निलंग्याला, घरी, फोन लावायची. बारा वर्षांची धम्मप्रिया तो उचलायची, स्पीकर चालू करायची आणि ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवून ठेवायची. मग पंचशीला डोळे मिटून ऐकत राहायची. पहिली शिट्टी. दुसरी. तिसरी. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज. "झालं, आई," एवढंच लेक म्हणायची. "हां," एवढंच आई म्हणायची, आणि तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उठायची.

"शिट्ट्या ऐकायला फोन लावणारी बाई मी पहिल्यांदाच बघायलोय," महांतेश म्हणायचा. "लोक गाणी ऐकतात, ताई."

"तुमच्या घरी वहिनी हायत शिट्ट्या मोजायला. तुम्ही ऐका गाणी."

तिचा नवरा आनंदराज विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता आणि शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घरात धम्मप्रिया, सहा वर्षांचा आदर्श आणि पंचशीलाने ठरवून दिलेले नियम. संध्याकाळची फेरी संपवून ती घरी पोचेपर्यंत आठ वाजायचे. आदर्शला तर सातलाच भूक लागायची. म्हणून रात्रीच्या जेवणाची तयारी ती सकाळीच करून ठेवायची. डाळ भिजलेली, लसूण सोललेला, फोडणीचं सामान एका वाटीत. रविवारी दाण्याचा कूट आणि आठवड्याचं येसर. धान्यं-डाळी भाजून दळलेलं ते पीठ पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी तयार व्हायची. भाजी महाग झाली की तीन-तीन दिवस तेच चालायचं. सकाळची भाकरी उरली तर कुस्करून कांद्यावर परतायची. लेकीने फक्त गॅस पेटवायचा आणि मोजायचं.

डेपोतल्या बायकांच्या खोलीत तिच्या या युक्त्यांना मान होता. नवीन लागलेली श्रद्धा तर डबा उघडायच्या आधी विचारायची, "पंचशीलाताई, आज काय शिकवता?" आणि ती शिकवायची. डाळीत थेंबभर तेल टाका, फेस वर येत नाही. पालेभाजी थेट कुकरात टाकू नका, डब्यात ठेवा, पानं शिट्टीत अडकतात. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. श्रद्धा हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घ्यायची. पंचशीलाला काटकसरीचा नाद आहे, असं तिला वाटायचं. त्या प्रत्येक युक्तीच्या तळाशी भीती होती, हे कुणाला माहीत नव्हतं. पंचशीला आठ वर्षांची असताना घरात रॉकेलचा स्टोव्ह भडकला होता. आईचा उजवा हात कोपरापर्यंत कायमचा चुरगळलेल्या कागदासारखा झाला. तेव्हापासून आग पेटलेल्या खोलीकडे पाठ करून तिला कधी बसता आलं नव्हतं. आणि आता तीच आग रोज संध्याकाळी लेकीच्या हाती सोपवून ती पंचवीस किलोमीटर लांब जात होती.

त्या शुक्रवारी सकाळी तिला उशीर झाला. ड्यूटी लागायला वीस मिनिटं होती, आदर्शचा बूट सापडत नव्हता. आनंदराजला अंबाडीची भाजी आवडायची, शनिवारी आल्यावर त्यालाही होईल म्हणून तिने नेहमीपेक्षा जास्त घेतली. अंबाडी, तुरीची डाळ आणि वर ज्वारीच्या कण्या. डबा घासलेला नव्हता. तिने सगळं थेट कुकरात ओतलं. कुकर पाऊण भरला. झाकण लावताना हात क्षणभर थांबला, पण तेवढ्यात बूट सापडला.

संध्याकाळी शिरूरच्या स्थानकात तिने फोन लावला. पहिली शिट्टी आली. दुसरी जराशी घोगरी आली, घशात काही अडकलेल्या माणसासारखी. मग काहीच नाही. पंचशीलाने डोळे उघडले. समोर टपरीवर महांतेश बशीत चहा ओतत होता. सकाळी पाऊण भरलेला कुकर तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला.

"आई," धम्मप्रियाचा आवाज आला, "तिसरी वाजत न्हाई. सूं सूं पण बंद झालं."

"धम्मा, ऐक, गॅस आधी..."

फोन कट झाला.

पुन्हा लावला. रिंग गेली, वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. मोबाईल वाजतोय म्हणजे शाबूत आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. मग वाटलं, मोबाईल शाबूत राहील. तो बरणीच्या आडोशाला असतो. कुकरासमोर धम्मा असते. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेल्याच महिन्यात बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला होता. खरा आहे का, असं तिने त्याला विचारलं होतं. तो हसला होता.

शेजारच्या सिद्धम्मा लेकीकडे भालकीला गेल्या होत्या. त्यांचा फोन बंद. गाडी सुटायची वेळ झाली. तिने घंटीची दोरी दोनदा ओढली. हाताला ते काम ठाऊक होतं.

"कुठं?" ती विचारत होती. "कुठं जायचं? कुठं?"

"अवं बाई, मला हाफ तिकीट हाय," मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली. "तुम्ही पुरं काढलं की. बाईमाणूस दिसंना का?"

"चुकलं, आजी."

"कुठं ध्यान हाय तुमचं?"

तिने अर्धं तिकीट काढून दिलं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असलेल्या श्रीनाथचा नंबर तिला आठवला. चालत्या गाडीत दांडीला पाठ टेकून तिने तो लावला.

"श्रीनाथभाऊ, घराकडं एक नजर टाका. पोरं फोन उचलेनात."

"गिऱ्हाईक हाय, ताई. जातो पाच मिन्टात."

"आत्ता जा. पाया पडते."

तिच्या आवाजात काहीतरी असावं. तो गेला. फोन चालूच होता. त्याच्या चपला, कुत्र्याचं भुंकणं, मग थांबणं.

"ताई, दाराला बाहेरनं कडी हाय. अंधार हाय आत."

"पोरं?"

"न्हाईत. हाका मारल्या मी."

"वास येतो का? जळाल्याचा?"

"तसा न्हाई वाटत. ताई, झालं काय?"

बाहेरून कडी. कडी कुणीतरी लावली. पोरांना उचलून नेणाऱ्या माणसानेही जाताना कडी लावली असेल. सरकारी दवाखान्यात नेलं असेल. भाजलेल्या पोरीला रिक्षात आडवी धरतात की बसवतात, हे तिला आठवेना. आईला बाजेवरून नेलं होतं, एवढं आठवत होतं, आणि बाजेमागून धावताना आपल्या पायात चप्पल नव्हती हेही.

ती पुढे केबिनशी गेली. आरशात महांतेशने तिचं तोंड पाहिलं.

"काय झालं?"

तिने सांगितलं. चार वाक्यांत.

"पंचेचाळीस माणसं हायत, ताई. गाडी उडवता येत न्हाई मला," तो म्हणाला. "पण मधल्या फाट्यावर थांबत न्हाई. कुणी हात केला तरी. तक्रार आली तर माझ्यावर घेतो."

फाट्यावर दोन माणसांनी हात केला. गाडी थांबली नाही. मागून शिवी ऐकू आली. पंचशीला पहिल्यांदाच आपल्या गाडीने कुणाला मागे टाकताना बघत होती. दोन्ही बाजूंना तुरीची रानं काळी पडत गेली, उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत राहिली, आणि तिने एकवीस वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी तिच्या ओट्यावर, तिच्या रिकाम्या घरात तो वाजत होता.

निलंग्याच्या स्थानकात गाडी वळली तेव्हा ती दारातच उभी होती. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर, पहिल्या दिव्याखाली, दोन पोरं बसली होती. मोठीने लहान्याच्या अंगावर आपली ओढणी टाकली होती. लहाना उठला. "आई, किती उशीर," तो म्हणाला. "मला भूक लागली."

पंचशीला खाली उतरली. धम्मप्रियाचे दोन्ही हात तिने उलटेपालटे करून पाहिले, मग मान, मग कानामागे.

"मला काई झालं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "गॅस टाकीवरून बंद केला. याला घेऊन बाहेर आले. तू म्हणली होतीस ना, कुकर बिघडला तर स्वयंपाकघरात परत पाय टाकायचा न्हाई."

"फोन?"

"घाईत माझा धक्का लागून कट झाला. तो आतच राहिला. वाजत होता. पण आत जायचं न्हाई म्हणली होतीस." तिने भावाच्या अंगावरची ओढणी सारखी केली. "सिद्धम्माआजी नसली तर स्टँडवर जायचं, हे पण तूच म्हणली होतीस."

"इथं कंट्रोलर साहेबांना सांगायचं. त्यांनी मला फोन लावला असता."

"घरात कुणी न्हाई, हे बाहेर कुणाला सांगू नको म्हणली होतीस."

हे सगळं आपण कधी म्हणालो, ते पंचशीलाला आठवत नव्हतं. म्हणाली असेल. भीती वाटली की ती एक नियम करायची; पोरीने एकही टाकला नव्हता.

महांतेश स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होता. "मशीन जमा करा आणि निघा, ताई," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

घरी कुकर गार झाला होता. तरी तिने पोरांना बाहेरच्या खोलीत बसवलं, कुकर नळाखाली धरला, आणि तोंड वळवून झाकण सरकवलं. शिट्टीच्या नळीत अंबाडीचं पान गुंडाळून बसलं होतं, भोवती कण्यांचा चिकट गोळा. तिने मंगळसूत्रातली पिन काढून तो कोरायला घेतला. पिन दोनदा नळीच्या कडेवर वाजली.

मग तिने येसर पाण्यात कालवलं. तोंड गॅसकडे ठेवून ती उभी राहिली. धम्मप्रिया आत आली, न विचारता, आणि पळी घेऊन शेजारी ढवळू लागली. पंचशीलाने तिला बाहेर जा म्हटलं नाही.

"आई, तू घाबरली होतीस का?"

आमटीला उकळी आली. पंचशीलाने आच कमी केली आणि पोरीची वेणी पाठीमागे टाकली, ज्वाळेपासून लांब.

"कांदे संपलेत," ती म्हणाली. "उद्या बाबा येताना आणतील, सकाळी फोन करायची आठवण कर मला."