राष्ट्रपतींचं भाषण पांडूदादानं ओठांवरून ऐकलं

पांडूदादा आज सकाळी गेला. आणि घरचे अजून त्याच्या कानाशी हाका मारतायत.

त्याला ऐकू येत नव्हतं हो. जिवंत होता तेव्हाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळा अर्धवट टाकून भटकत भटकत मी भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात टेकलो होतो. पांडूदादा जवळच्या वडपे गावचा, शेजारच्या लूमवर. पहिल्याच शिफ्टला मी लूमच्या आवाजात ओरडून घसा बसवला.

त्यानं खुणावलं, आवाज बंद. नुसते ओठ हलव.

कारखान्यात सगळे तसेच बोलायचे. चहा, बिडी, मालकाला शिव्या, सगळं बिनआवाजी.

म्हणून तर तो बहिरा झालाय हे कुणाला कळलंच नाही. खडखडाटात आम्ही सगळे सारखेच.

लाईट गेली, लूम थांबले, सगळे आवाजात बोलू लागले की मात्र तो एकटा पडायचा. मागून हाक मारली की उत्तर नाही. लोक म्हणायचे, माज आलाय.

खरं काय ते फक्त मला माहीत.

अशात आम्ही राहायचो त्या चाळीनं त्याला कमिटीचा अध्यक्ष केलं. शुक्रवारी कारखान्याच्या सुट्टीला सभा, त्याचं पहिलं भाषण. दादाची झोप उडाली. बोलेन, पण चारी बाजूंनी लोक विचारतील त्याचं काय?

"मी नाव काढून घेतो," म्हणाला.

त्याच आठवड्यात दिल्लीत नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी. लाईट गेलेली, लूम बंद, चहावाल्याचा ट्रान्झिस्टर चालू. दादा माझ्या पुढ्यात येऊन बसला.

"तो बी नवा, मी बी नवा. सांग, काय बोलतो."

मी ऐकत ऐकत ओठ हलवू लागलो. हिंदी जड. मधेच मला अकलोलीची गरम पाण्याची कुंडं आठवली, ओठांनीच म्हटलं, सुट्टीला जाऊ या का?

दादानं टपली मारली. "राष्ट्रपती अकलोलीला चाललाय व्हय रं?"

मग एकेक विचारत गेला.

"आवाज चढवतो?"

"नाही. एका सुरात."

"सवताबद्दल किती?"

"थोडंच. आभार मानले."

"आन् मागतो काय?"

"सगळ्यांची साथ."



"एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसला, न् पयल्याच दिवशी मागतो. म्हंजी मागायला लाज न्हाय." मग म्हणाला, "भाषण चांगलं हाय. लांबलं जरा."

शुक्रवारी तो उभा राहिला. आवाज एका सुरात.

"मला ऐकू येत न्हाय. लूमनं कान नेलं. काम असंल तर समोर येऊन बोला. एवढी साथ द्या, बाकी मी बघतो."

बसला.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलंही नाही.

मग शेवटच्या खोलीतली आक्का उठली. कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची ती. गर्दीतून वाट काढत, आमच्याकडे पाठ करून दादासमोर उभी राहिली आणि नुसते ओठ हलवले. अख्ख्या चाळीत तिची तक्रार एकट्या दादाला कळली.

"नळाचं उद्याच बघतो, आक्का," तो म्हणाला. तेव्हा टाळ्या पडल्या.

मी पुढे कुठे कुठे फिरलो. पण भिवंडीत आलो की आधी त्याच्या समोर जाऊन उभा राहायचो.

आज कशेळीच्या ट्रॅफिकमधून कसाबसा पोचलो. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोल.

मी समोर गेलो. ओठ हलवले. लोकांना वाटलं, हुंदका दाटलाय.

त्याचे डोळे मिटलेले होते.

पहिल्यांदाच माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

म्हणून इथे लिहितोय.

नीट जा, दादा.