ट्राम चालवणार कोण
आमच्या ट्राम आगाराच्या चित्रखात्यात तायसिया पोस्टरांवरचे चेहरे काढायची आणि मी खालच्या घोषणा लिहायचो. घोषणा वर्षानुवर्षं त्याच. चेहऱ्यांचं तसं नव्हतं, त्यामुळे तिला श्वास घ्यायला फुरसत नसे.

छत्तीस साली नव्या ट्राममार्गासाठी तिने भिंतभर पोस्टर रंगवलं. पुढच्या पायरीवर हात उंचावलेले देशाचे महान नेते, मागच्या खिडक्यांत शहरातले पाच पुढारी. मग त्या पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. एकाला उचललं की वरून निरोप यायचा आणि तायसिया त्या खिडकीत दुसरं कुणीतरी बसवायची. कोबीचा गड्डा घेतलेली म्हातारी, दूधवाली, एकदा तर चक्क बोकड.

"पुढाऱ्यापेक्षा हा बरा दिसतो," मी म्हटलं.

"हळू बोल मेल्या. तुला नेलं तर घोषणाही मलाच लिहाव्या लागतील."

चालकाच्या जागी मात्र पहिल्यापासून तिचा नवरा होता. लुक्यान खरोखरच ट्राम चालवायचा. पुढच्या हिवाळ्यात त्यालाही नेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. जाताना पोलीस घरातले सगळे फोटोही घेऊन गेले. त्याचा चेहरा आता फक्त त्या पोस्टरवर उरला होता, आणि तो पुसायचा हुकूम तिलाच आला. मला इतका संताप आला की रंगाचा डबा लाथाडून मी अर्धी फरशी लाल केली.

ती शांतपणे आमच्या साहेबांना, झाव्यालोव्हना, पोस्टरपुढे घेऊन आली. "कॉम्रेड, याला काढते. पण मग ट्राम चालवणार कोण? बोकड?"

साहेबांना घाम फुटला. जागा रिकामी ठेवावी तर ट्राम चालकाविना पळणार. नवा माणूस बसवावा तर तो उद्या आत जायचा. शेवटी ते म्हणाले, "नेते स्वतःच चालवतील."

"आणि चालकाच्या डोक्यावर रंगवलेली 'चालकाशी बोलू नये' ही पाटी? ठेवू की काढू?"

साहेबांनी पाटी दोनदा वाचली. "असू दे. बरोबरच आहे."

लुक्यानचा चेहरा खरवडताना ती हुंदके देऊन रडली. आत कुणी येऊ नये म्हणून मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. मग तिने नेत्यांना पायरीवरून हलवलं आणि चालकाच्या जागी त्यांचा चेहरा बसवला, मिशांसकट. मनगटांच्या खाली मात्र ब्रश लावलाच नाही. हँडलवर लुक्यानचेच जाड बोटांचे, तेलकट हात राहिले.

समिती पाहणीला आली. अध्यक्षबाई चष्मा चढवून हातांपाशीच थांबल्या.

"चेहरा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण हे हात बघा. कष्टकऱ्यांच्या नेत्याचे हात असेच असणार. यापुढे सगळ्या पोस्टरांवर हेच काढायचे."

तायसियाने ते शहरभर काढले, दर थांब्यावर. ट्रामची वाट बघताना ती हातमोजा काढायची आणि त्या हातांवर आपला तळवा ठेवून उभी राहायची. रांगेतल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "नेत्यांवर केवढा जीव आहे हिचा."