डांबरीवरचा तिसरा गिअर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — देवाला सांगायची गरजच नाही, त्यानं पाहिलंच असणार. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. मध्येच हसलात तरी चालेल. अर्ध्या गोष्टीला मलाही हसूच येतं.

मी मूळची सटाण्याची. लग्न होऊन इकडे दिंडोरी रोडच्या बाजूला आले, तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि जो तो द्राक्षबाग लावत होता. आमच्याकडे त्याच वर्षी छोटा ट्रॅक्टर आला. वेलींच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच — लाल, ठेंगणा, बघूनच हसू यावं असा. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, त्याचं पासिंग केलं नाही. बागेतच फिरायचं, तर नंबर कशाला? पण तात्या गावचे सरपंच. त्यांनीच ग्रामसभेत ठराव करून घेतला होता — बिननंबरी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणायचा नाही. आणला तर दंड, वर सगळ्या गावासमोर उभं राहून माफी. ‘सरकारचा कायदा हायेच, पन पोलीस काय रोज येतोय का बघायला? आपलं आपन बघू,’ असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं हो. शाळेची पोरं त्याच रस्त्यानं जायची.

ट्रॅक्टर चालवायचे माझे धाकटे दीर, राजूभाऊजी. नुकतं मिसरूड फुटलेलं आणि गाड्यांचं भलतंच वेड! लांबून नुसता आवाज ऐकून कुणाची जीप आली ते सांगायचे. देवळाली कॅम्पला गेले की लष्करी गाड्यांकडे बघत बसायचे, तर एसटी चुकायची. त्यांनीच मला बागेत ट्रॅक्टर शिकवला. ‘वहिनी, क्लच, क्लच! भाकरी थापताय का?’ असं ओरडत. मी पटकन शिकले. पण बागेत कायम पहिला गिअर, फार तर दुसरा. तिसरा टाकला की समोर लगेच बांध. मला त्या तिसऱ्या गिअरनं पछाडलं होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना — तिसऱ्यात कसं वाटत असेल? वारा लागत असेल का?

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. भाऊजी बागेत औषध मारून आले, ट्रॅक्टर दारात लावला आणि लांबच्या विहिरीवर, इंजिनाच्या धडधडीत, आंघोळीला गेले. त्यांचा सगळा सरंजाम ओट्यावर पडलेला — रेनकोट, टोपी, तोंडाला बांधायचा रुमाल, मोठा चष्मा. हा सगळा सरंजाम घातला की सख्खी आई ओळखणार नाही. मी घातला. आणि गेले डांबरीवर. फवारणीचा ब्लोअर मागे जोडलेलाच होता.

काय सांगू! तिसरा गिअर पडला आणि मी रुमालाच्या आत मोठमोठ्यानं गाऊ लागले. नवी नवरी, भर दुपारी, रेनकोटात! आजही ते आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं. खोटं कशाला बोलू, त्या पाच मिनिटांचा मला आजही पस्तावा नाही.

पुढच्या पाच मिनिटांचा आहे.

वळणावर दूधवाले बबनबाबा सायकलवरून येत होते. ट्रॅक्टर त्यांच्या बाजूनं नीट गेला. मागचा ब्लोअर रुंद असतो, हे मी विसरले. खणकन आवाज झाला. मी वळून पाहिलं — सायकल आडवी, किटल्या रस्त्याकडेच्या चारीत, आणि बाबा मातीत बसून मला अस्सल शिव्या देत होते. शिव्या देतायत म्हणजे जिवंत आहेत, असा हिशेब मी केला. थांबले का? नाही. ट्रॅक्टर पुढच्या शिवार रस्त्यानं घरी आणला, रेनकोट होता तसा टाकला आणि पीठ मळायला बसले. बाबांचं मनगट मोडलंय, हे संध्याकाळी कळलं.

हाच माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. थोडं थांबा — मलाच तिथवर यायला वेळ लागतोय.

बाबांनी ट्रॅक्टर ओळखला होता, माणूस नाही. तात्यांनी ओसरीवर सगळ्यांना उभं केलं. ‘आज डांबरीवर कोन गेलं व्हतं?’ आता सांगावं, आता सांगावं — तेवढ्यात भाऊजी खाली मान घालून म्हणाले, ‘मी गेलो होतो.’

मी चाटच पडले. मला वाचवतायत की काय? कसलं वाचवतायत! तेही खरोखरच गेले होते. माझ्या तासभर आधी, फाट्यावर चहा प्यायला, त्याच वळणावरून. बाबांकडे कुठलं घड्याळ? दुपार म्हणजे दुपार.

नंतर मी चुलीपाशी भाकरी थापत होते. भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, ‘वहिनी, मला खरंच काही कळलं नाही हो. आवाजसुद्धा आला नाही. माणूस पडला आणि मला कळलंच नाही — असं होतं का कधी?’

आणि मी म्हणाले — हेच, हेच ते — मी म्हणाले, ‘होतं असं. ट्रॅक्टरच्या आवाजात कुठलं ऐकू येतंय?’

गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी त्यांना समजावलं. प्रेमानं. वर गरम भाकरी वाढली.

त्यांनी भर ग्रामसभेत माफी मागितली, बाबांच्या पाया पडले, आणि बाबांचं मनगट बरं होईपर्यंत त्यांचं दूध रोज सायकलवरून डेअरीला घातलं. गावानं वाहवा केली. तात्यांनी ट्रॅक्टरचं पासिंग करून घेतलं आणि किल्ली कुणाकडे दिली? माझ्याकडे! ‘घरात हीच एक शानी हाय.’ पुढे मी लायसन काढलं. गावातली पहिली गाडी चालवणारी बाई म्हणून शाल-नारळ मिळाला. शाल अजून वापरते, ऊबदार आहे.

भाऊजींनी मात्र त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. नाशकात अंबडला कारखान्यात लागले, तिथंही बसनंच जायचे. दारात जीप आली, पुढे कारही आली, तरी नाही. कुणी आग्रह केला तर हसून म्हणायचे, ‘माझ्या कानाचा भरवसा नाय.’ ज्या कानांना जीपच्या आवाजावरून मालक कळायचा, त्या कानांचा!

दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मी शेजारच्या गावात हळदीकुंकवाला गेले होते. घरी कार उभी, चालवणारं दुसरं कुणी नाही, किल्ली त्यांच्या हातात — आणि ते अंगणात नुसते उभे. फोनवर मला म्हणाले, ‘वहिनी, या. माझ्यानं होत नाही.’ मी कुणाची तरी मोटारसायकल मागून घेतली आणि तडक आले. त्या वेळात ती पोर ओसरीवर तळमळत होती. नाशिकपर्यंत मी गाडी कशी हाणली, माझं मला ठाऊक. पोहोचलो, पण थोडक्यात. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

मुलगी झाली. गोरीगोमटी, आणि आवाज असा की अख्खा दवाखाना जागा. भाऊजी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरला. डोळे भरलेले. म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही होतात म्हणून. तुमच्या हातून कधी कुणाला धक्का लागला नाही. माझ्यासारखं नाही.’

कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच होतो. याहून चांगली वेळ कुठली असते?

मी पेढा घेतला आणि म्हणाले, ‘छान आहे. कुठून आणला?’