साबनानं पुसलेली खूण

"पायजमा खाली कर."

खोलीत पाच जनं होते. तीन चौकशीवाले डॉक्टर. एक कागद लिवनारा बाबू. अन् पाचवा तो डॉक्टर, ज्याच्यावर माही तक्रार होती. तोबी त्याईच्याच रांगेत बसला होता, त्याईचाच चहा पेत. समोर उभा मी एकटा. नाडी सोडली.

डाव्या जांघेवर टाक्यायचा वळ. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, जशी होती तशीच. ऑपरेशन गाठीचं होतं. डॉक्टरनं बिनगाठीची बाजू फाडली.

तिघाईनं वाकून पायलं. एक जन म्हने, "टाके छान घेतलेत, सर."

सर हासले. मीबी हासलो. पायजमा गुडघ्यावर असूनबी हासनारा मानूस आहे मी.

शाळा मी बाहेरून पायली. शहापूरच्या राईस मिलमध्ये पोते उचलतो, त्यातच ही गाठ उतरली. दुसरा धंदा जोकरचा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तवा गावोगावी रातभर दंडारीचं नाटक राहते, त्यात मी लोकायले हासवतो. नियम एकच. हासवायचं त स्वतःवर. शेठवर हासवलं त काम जाते. पुढाऱ्यावर हासवलं त मार भेटते. स्वतःवर हासवलं त चहा भेटते. मी जलमभर चहाच पेत आलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात एकानं पेनानं माह्या उजव्या जांघेवर बान काढला. हीच बाजू, म्हून. सकाळी सिस्टर म्हने, "साबण लावून स्वच्छ आंघोळ करून या." बायको म्हने, "चांगले घासा हो. मिलचा कोंडा निघत नाही तुमचा. डॉक्टर काय म्हनन?"

घासलं. एवढ्या मोठ्या सायेबाच्या हाताले माहा मळ लागावा काय? चामडी लाल होयेवरी घासलं. त्यात बानबी गेला.

शुद्धीवर आलो त बायको पांघरून उचलून पाहून रायली होती.

"अवो, पट्टी त इकडं आहे. तुमची गाठ त तिकडंच आहे."

डॉक्टर आला. तिच्याकडं पायलंबी नाही. "तिकडेही पुढे हर्निया झालाच असता. सरकारी योजनेच्या कार्डावर फुकट झालं ना? मग?"

"हो जी," मी म्हनलं. खरी गाठ तशीच रायली, तरी "हो जी."

ठान्यात बायकोनंच नेलं. शिपाई म्हने, "डॉक्टरवर असा सीधा गुन्हा नाही लिवता येत गा. पयले डॉक्टरायची समिती बसन. चूक झाली का नाही, थे सांगन."

म्हंजे डॉक्टर चुकला का नाही, हे डॉक्टरच सांगनार. माह्या हातून पोतं सुटून कोनाचा पाय मोडला त हमालाईची समिती बसत नाही. मुकादम सीधा कानाखाली देते.

समिती बसायच्या आधी मंडई आली. सानगडीच्या दंडारीत मी जोकर. पोट्टे बोंबलले, "ऑपरेशनचा किस्सा सांग गा!"

सांगतला. "डॉक्टरची चूक नाही बाप्पा! मीच खूण पुसली! हळदीच्या नवरीवानी घासलो स्वतःले!" मैदान लोळलं. कोनंतरी मोबाईलमध्ये घेतलं. सिस्टरनं घासाले सांगतलं होतं, ते मी गाळलं. दुसऱ्याचं नाव घेतलं त हासू कमी येते.

बायको हासली नाही. घरी येताना म्हने, "लोकं तुमच्यावर हासत होते, अन् तुमी डॉक्टरले सोडून देत होते."

तोच व्हिडीओ आता चौकशीच्या टेबलावर वाजून रायला होता. डॉक्टरनं आपल्या मोबाईलवर लावला. माहा आवाज. डॉक्टरची चूक नाही बाप्पा. चारही डॉक्टर हासले. बाबूबी हासला. त्याईच्यातला म्हातारा डोळे पुसत म्हने, "आणि अशांसाठी आमच्यावर केसेस! कायदा बदलायलाच हवा, सर. डोक्यावर पोलीस बसवले तर उद्या ऑपरेशनला हात कोण लावेल?"

हात लावाचं भेव वाटते म्हने. माह्या बिनगाठीच्या बाजूले हात लावताना नाही वाटलं.

पायजमा वर कर, असं अजून कोनी सांगतलं नव्हतं. मी तसाच उभा.

बाबूनं कागद सरकवला. "खूण तू स्वतः पुसली, तक्रार मागे घेतो, असं लिहिलंय. अंगठा लाव." शाईचा डबा उघडला.

डॉक्टर म्हने, "त्याआधी इथंच एकदा करून दाखव ना किस्सा. साहेबांना समोर पाहू दे."

मी सुरू झालो. सवय. "त सायेब, मी साबन घेतला..." तोंड वाकडं केलं. घासल्यावानी हात खाली नेला. हात गाठीले लागला. कळ डोक्यात गेली.

थांबलो. पायजमा वर ओढला. नाडी बांधली. सावकाश.

"खूण पुसली गेली होती," मी म्हनलं. "गाठ नव्हती पुसली."

कोनी हासलं नाही. जलमात पयल्यांदा माह्या बोलन्यावर कोनी हासलं नाही, अन् मले बरं वाटलं.

"घासून ये, हे तुमच्याच सिस्टरनं सांगतलं. दवाखान्याच्या कागदावर उजवी बाजू लिवली आहे, बायकोनं दोघाजनाकडून वाचून घेतलं. मी अडानी. तुमाले त वाचता येते?"

बाबू म्हने, "जास्त बोलू नकोस. अंगठा."

मूठ वळली. अंगठा आत.

बाहेर बाकावर बायको बसली होती. तिनं माहा हात उलटा करून पायला. अंगठा कोरा. "चला," म्हने.

समितीनं लिवलं, चूक नाही. दुसरं काय लिवनार होते थे. मी ग्राहक कोर्टात गेलो. गाठ तशीच आहे, पट्टा बांधून पोते उचलतो. कायदा बदलाचा आहे म्हनतात त बदला. पन पयले मले बोलवा. पायजमा घालून बोलन.

मंडईत पोट्टे अजूनबी म्हनतात, "किस्सा सांग गा." सांगतो. डॉक्टरचं नाव घेऊन सांगतो. सिस्टर काय बोलली, कागदावर काय लिवलं, कोन कोन हासलं, समदं सांगतो. मधात कोनी हासला का थांबतो. तो चूप होयेवरी त्याच्याकडं पाहतो. अन् पुन्हा पयल्यापासून सांगतो.