छबुबाईचं जिनिंगचं दार

आष्टी तालुक्याच्या अगदी काठावरचं हे गाव. ओढा ओलांडला की नगर जिल्हा. मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या काळात कुण्या शेटजीनं हद्दीचा फायदा बघून इथं कापसाचं जिनिंग घातलं, आणि ते बंद पडल्यावर गावानं ते खाऊन टाकलं. पत्रे, गर्डर, विटा, फरशा, हाताला लागेल ते. चिमणी तेवढी राहिली, कारण ती कुणाला उचलता आली नाही. अशा गावाला अलीकडे वारशाचा पुळका आला होता.

छबुबाईला त्याची किळस यायची. तरुणपणी ती याच जिनिंगात कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचायची. नवरा तानाजी गेल्यापासून ती आणि तिच्या शेळ्या एकाच खोलीत राहतात. खोलीला दार मात्र जिनिंगचं. अस्सल सागवानी, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं, वर कंपनीची अक्षरं कोरलेली. गाव रात्रीचं चोरत होतं तेव्हा या नवरा-बायकोनं ते भरदिवसा, सगळ्यांच्या देखत बैलगाडीत घालून आणलं होतं. नेलं तर नेलं म्हणावं, त्यात लपवायचं काय, असं ती म्हणायची, आणि तेवढ्या एका गोष्टीवर अख्ख्या गावाला कस्पटासमान लेखायची. मागच्या साली बिबट्यानं शेजारचं पत्र्याचं दार वाकवून दोन शेळ्या ओढून नेल्या. हिच्या दारावर नुसते ओरखडे उठले.

सरपंच परमेश्वर कडक इस्त्रीत तिच्याकडे आला. संभाजीनगरहून जुन्या वास्तू बघणाऱ्या मॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर हे दार काढून गावाला अर्पण करायचं, फोटो निघेल, जिनिंगला निधी मिळेल, आणि मावशीला नवं पत्र्याचं दार बसवून देऊ, असा त्याचा बेत होता.

"आधी तुज्या सलॅबखालचे गर्डर काढ," छबुबाई म्हणाली. "मग माजं दार ने."

परमेश्वर हसला आणि निघून गेला. निधीवर डोळा ठेवून असलेल्याला लाज कुठली असायला?

पाहुण्या आल्या. स्वप्ना मॅडम नावाच्या, गळ्यात कॅमेरा. उघड्या भिंती बघून त्यांनी विचारलं, इथलं बाकीचं सगळं गेलं कुठं? परमेश्वरानं बेधडक ओढ्यापलीकडे बोट केलं. नगरवाल्यांनी लुटलं म्हणाला. गावानं माना डोलावल्या. जिनिंगच्या चिऱ्यांच्या पायऱ्या घराला बसवलेला आसारामही मान डोलावत होता.

मग वरात छबुबाईच्या दारी आली. चौघं पहारी घेऊन तयारच होते. मॅडमनी अक्षरांवरून हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"पलीकडच्यांनी लुटलं, तर हे दार इथं कसं? आजी, तुम्हीच सांगा."

परमेश्वराच्या तोंडचं पाणी पळालं, पण क्षणभरच. "याच आजीनं वाचवलं, मॅडम," तो म्हणाला. "नगरवाले लुटत होते तवा एकटी आडवी झाली. आता ते तिच्यापाशीच ऱ्हाऊ द्यावं म्हणतो." आणि त्यानं छबुबाईकडे बघितलं. चौघांनी पहारी खाली ठेवल्या.

सौदा तिला तिथल्या तिथं कळला. खरं बोललं की पहारी पुन्हा उचलल्या जाणार. आत शेळ्या ओरडत होत्या.

"व्हय," छबुबाई म्हणाली. "पलीकडच्यांनीच नेलं."

मॅडम तिच्या पाया पडल्या. तिला दारापाशी उभी करून त्यांनी फोटो काढले. टाळ्या वाजल्या. आसारामनं तर डोळे पुसले.

दिवेलागणीला सरपंचाची बायको उज्ज्वला पुरणपोळीचं ताट घेऊन आली. त्या घरातून आजवर छबुबाईकडे कधी चिमूटभर मीठ आलं नव्हतं. उज्ज्वला उंबऱ्यावरच ऐसपैस बसली, पदरानं वारा घेत.

"आता तुमी आमच्यातल्याच झालात की, मावशी," ती म्हणाली.

सगळ्या गावाला तोंडावर सुनावणाऱ्या छबुबाईनं ताट ओढलं आणि ती खाली मान घालून खायला लागली.