लिस्बनच्या ग्रामदेवीची ओटी

चूक माझीच होती आणि ती जेवणाच्या ताटावर झाली. निघण्याच्या आदल्या रविवारी, जिताडा माशाच्या कालवणाचा आंबटतिखट वास पनवेलच्या आमच्या स्वयंपाकघरात दाटून राहिला असताना, मी सासूबाईंची समजूत काढत होते. दोन मध्यमवयीन बायकांनी पाठीवर पिशव्या टाकून परक्या शहरात आठ दिवस भटकणे यात आक्रीत असे काही नाही, हे पटवता पटवता मी म्हणून गेले, "प्रत्येक शहराची एक अधिष्ठात्री असते, आई. ती सांभाळून घेते." कवितेत वाढलेल्या माणसाची ही जुनी खोड. वाक्याला तोल हवा म्हणून आपण तिथे खुशाल एखादी देवता बसवून देतो.

सासूबाईंचे माहेर जासईचे. नव्या गावात पाऊल टाकले की आधी तिथल्या देवीची ओटी भरायची, मग इकडेतिकडे बघायचे, ही त्यांची रीत. त्यांनी बोटे चाटून पुसली आणि विचारले, "कोन देवी हाय तितली?"

"नाव नाही ठाऊक."

"नाव नसलं तरी चालंल. जागा शोद."

निघायच्या दिवशी माझ्या पिशवीशेजारी परसातल्या माडाचा शेंडीसकट एक नारळ, हिरवा खण, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या मांडून ठेवलेल्या होत्या. शिवाय सासूबाईंनी जाहीर केले, "ओटी भरल्याचा फोन येईस्तोवर मी मासलीला हात लावनार नाय. चुलीवर चरवनार पन नाय."

आमच्या घरात याचा अर्थ काय होतो, हे सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, चेहऱ्यावर वाचता आले. उरणच्या व्याह्यांनी आदल्याच दिवशी हातभर लांबीचा जिताडा धाडला होता. तो फ्रीजरमध्ये अंग चोरून पडला होता. बाबांनी फ्रीजरचे दार उघडून एकदा त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. घराण्याची अब्रू सुनेच्या हाती असते म्हणतात. माझ्या हाती जिताडा होता.

माझी मैत्रीण रोडपालीला राहते आणि शाळेत गणित शिकवते. प्रवासाची सूत्रे तिच्याकडे होती. जे फुकट ते प्रेक्षणीय, असा तिचा नियम. ट्राम प्रेक्षणीय नव्हती, कारण तिला तिकीट होते. ट्रामच्या रुळांवरून चालणे मात्र अतिशय प्रेक्षणीय होते. हॉस्टेलमधल्या आठजणींच्या खोलीत आम्हाला वरच्या दोन खाटा मिळाल्या. लोखंडी शिडीवरून चढताना माझे गुडघे वाजत आणि खालची पोर्तुगीज मुलगी सहानुभूतीने डोळे मिटून घेई. नारळ मी उशाशी ठेवला.

"लोक गिटार घेऊन येतात," मैत्रीण म्हणाली. "आपण नारळ घेऊन आलोय. ठीक आहे. निदान वाजवून दाखव म्हणून कोणी मागे लागणार नाही."

लिस्बनच्या उन्हाला मिठाची चव होती. भिंतींवरच्या निळ्या फरशांना तळहात लावला की माठाला हात टेकल्यासारखे गार वाटे. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी निखाऱ्यावर मासे भाजत असे आणि तो धूर आमच्या केसांत, ओढण्यांत, कोरड्या पावाच्या घासात येऊन बसे. मी या सगळ्याने विरघळून जायला तयार होते. पण खांद्यावर नारळ असलेल्या बाईला विरघळता येत नाही. तिला शोधावे लागते.

पहिल्या दिवशी एका चौकात दगडी चौथऱ्यावर उभी असलेली मुकुटधारी स्त्री सापडली. मी फोटो पाठवला. सासूबाईंचा फोन आला.

"ती रानी हाय. रानीला कशाला नारल?"

दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या मधोमध एक संगमरवरी तरुणी भेटली. तिच्या खांद्यावर घडा होता आणि अंगावर काहीच नव्हते.

"खनाची गरज हिलाच जास्ती हाय," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "पन एका खनात भागायचं नाय."

तिसऱ्या दिवशी चर्चमधली निळ्या वस्त्रातली माउली. मला वाटले, सुटले. इतकी करुण, इतकी मेणासारखी उजळ मूर्ती नाकारणार कोण? सासूबाईंनी तिला फोनवरूनच हात जोडले.

"ही मोतमावली. हिला मेनबत्ती लाव माज्या नावानं. नारलाची रीत हिची नाय. तू गावदेवी बघ."

मी मेणबत्ती लावली. मैत्रीण चर्चच्या दाराशी हिशेबनीसासारखी उभी होती. तिने विचारले, "गावदेवीची काही ओळखखूण? पत्ता? वेळ?" मला एवढेच ठाऊक होते की ती गावात असते, गावाला खाऊ घालते आणि कुणाचे ऐकून घेत नाही.

चौथ्या दिवशी बाबांचा फोटो आला: दुधीची भाजी. पाचव्या दिवशी पुन्हा दुधी, वाटीतला. खाली एक शब्द नव्हता. आयुष्यात मला एकदाही फोटो न पाठवलेला माणूस दुधीच्या निमित्ताने बोलता झाला होता आणि त्याचे मौन मला हॉस्टेलच्या खाटेवर टोचत होते.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही एक उभा चढ चढत होतो. शेजारून पिवळी ट्राम आरामात वर गेली. वरच्या कठड्यापाशी मी पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली आणि नारळ बाहेर पडला.

तो आधी जरा थबकला. मग निघाला. शेंडीमुळे त्याला सरळ चालता येत नव्हते. तो गुळगुळीत दगडांवरून टुणकन उजवीकडे, टुणकन डावीकडे, मधूनच गिरकी घेत, पाहुण्यासारखा एकेका दाराशी डोकावत उतरू लागला. मी मागे, माझ्यामागे मैत्रीण, आणि तिच्या पाठीवर आमचे सगळे खाणे. "फुटला तर?" मी धावता धावता विचारले. "तर खोबरं," ती म्हणाली. कॅमेरे घेतलेली दोन जोडपी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि आम्हाला स्थानिक उत्सव समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वळणावर माशांचे दुकान होते. दारात बर्फाची खोकी आणि त्यांच्याशेजारी, गमबूट घातलेली, रुंद खांद्यांची, कानांत सोन्याच्या वळ्या आणि कोपरापर्यंत खवले चिकटलेली एक बाई. तिने गिऱ्हाइकाशी चाललेले बोलणे न थांबवता बूट पुढे केला आणि नारळ अडवला.

मी धापा टाकत सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पनवेलला जेवणाची वेळ होती. मागे दुधी दिसत होता.

"आई, नारळ हिच्या पायाशी जाऊन थांबला. तिचा बूट लागला त्याला. आता चालेल का?"

"फोन फिरव." मी फिरवला. सासूबाईंनी त्या बाईला केसांपासून गमबुटापर्यंत पाहून घेतले. "हीच."

"अहो, ती मासे विकते."

"मंग? गावदेवी काय साबन विकंल? आनि पाय लागला तर देवीचाच लागला ना? भर ओटी."

एकमेकींची भाषा आम्हाला कुणालाच येत नव्हती. मी खण उलगडला, त्यावर तांदूळ आणि सुपारी ठेवली, नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. त्या बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तिने आपल्या ओल्या ॲप्रनची दोन टोके धरून झोळी केली, जणू आजवर तिला सगळे असेच मिळत आले होते. ओटी भरली. कुंकवाचे बोट पुढे नेताच तिने कपाळही वाकवले. गिऱ्हाईक शांतपणे रांगेत उभे होते.

"तिला बोल, कल्ले दाकव," फोनमधून आवाज आला.

"कसं बोलू?"

बोलावे लागले नाही. पडद्यावर एका बाईने बोटाने कल्ला उचलण्याची खूण केली आणि इकडे दुसरीने सर्वांत मोठा मासा उचलून त्याचा कल्ला फोनसमोर उघडला. आत जास्वंदीसारखे लाल होते.

सासूबाई पुढे वाकल्या. सहा दिवसांत त्यांनी मासा पाहिला नव्हता. "ताजा हाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हा तर आपला जिताडाच हाय, जरा वाललेला. त्याला तितलं ऊन मानवत नसंल." मग मान मागे वळवून, "अवो, फ्रीजरमदला भायेर कारा."

भांड्याचा खणखणाट झाला आणि फोन बंद झाला.

त्या बाईने ॲप्रनमधला ऐवज आत नेऊन ठेवला. परत आली ती कागदाची पुडी घेऊन. पुडीत तारलीचे सहा मासे होते. नारळाने रिकाम्या केलेल्या जागी तिने ती स्वतःच्या हाताने ठेवली आणि पिशवीचे तोंड बंद केले. मैत्रिणीने खाली वाकून नमस्कार केला. "फुकट," ती कुजबुजली. तिच्या आवाजात अशी भक्ती मी त्याआधी ऐकलेली नव्हती.

हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात, उरलेली हळद आणि मीठ लावून, आम्ही तारल्या तव्यावर टाकल्या. खालच्या खाटेवरची मुलगी वास घेत पाव घेऊन आली. तेवढ्यात बाबांचा फोटो आला. ताटात जिताड्याच्या तीन तुकड्या, आणि दुधी कुठेच नाही. आमच्याकडे माशाचे डोके सासूबाई कुणाला देत नाहीत. ते ताटात नव्हते. फोटोखाली या वेळी चार शब्द होते: "डोकं तुझं, फ्रीजरमध्ये ठेवलंय."